स्मशानातील सोनं आणि बांधावरचा दगड

उन्हाळ्यात नांगरट सुरू झाली की गावोगाव एक जुने काम गुपचूप सुरू होते. नांगराचा शेवटचा तास बांधाला घासून जातो. वीतभर माती इकडे येते. पुढच्या साली आणखी वीतभर. पूर्वी हे काम बैल करायचे, आता ट्रॅक्टरचा फाळ करतो. दहा-पंधरा वर्षांत बांध जागचा हलतो आणि हद्दीचा दगड एक दिवस विहिरीच्या कडेला पालथा सापडतो. कोणी केले? सगळ्या गावाला माहीत असते. पण करणारा म्हणतो, "मला न्हाई बुवा ठाऊक. वडिलांपासून असंच हाय."

वडिलांपासून तसे नाही, हे त्यालाही ठाऊक असते. शेजाऱ्याची म्हातारी वाटेत भेटली की तो मान खाली घालून पुढे जातो. वाद निघण्याआधीच आवाज चढवतो. मनात काही दडवलेले असले की माणसाची चाल बदलते, ती अशी.

तुम्ही हे पान उघडता ते सोयाबीनचा भाव पाहायला किंवा तुरीवरच्या अळीचा उपाय वाचायला. आज मात्र एका कथेविषयी लिहायचे आहे. "आता गोष्टी ऐकायचं वय राहिलं का आमचं?" असे कोणी म्हणेल. पण थोडे थांबा. ही कथा वर्गात कशी शिकवावी आणि पारावर कशी वाचावी, हे सांगता सांगता तुमच्या-आमच्या बांधाचीच गोष्ट निघणार आहे. कथा आहे अण्णाभाऊ साठे यांची. नाव 'स्मशानातील सोनं'.

कथा काय आहे?

भीमा हा वारणेच्या खोऱ्यातला धिप्पाड गडी. गावात पोट भरेना म्हणून बायको आणि लाडकी लेक घेऊन मुंबईला आला. शहरात काम मिळेना. शेवटी उपनगरात, जंगलाच्या कडेला असलेल्या दगडाच्या खाणीत काम मिळाले. भीमा खूश. अंगात ताकद होती, पहार हातात होती, दगड समोर होता. पण काही महिन्यांत खाण बंद झाली आणि भीमाचे हात रिकामे झाले.

लेकीच्या पोटाचे काय करावे या विचारात भटकत असताना त्याला स्मशानातल्या राखेच्या ढिगात सोन्याची अंगठी सापडली. तिथून त्याला नवी वाट दिसली. तो राख चाळू लागला. प्रेताच्या अंगावरचे, तोंडातले सोन्याचे कण वेचून विकू लागला. पुढे पुढे पुरलेली प्रेते उकरू लागला. घरात चूल पेटली, लेकीला खाऊ मिळू लागला. बायको मात्र धसकली. हे काम माणसाचे नव्हे, असे तिला वाटे. भीमा तिला गप्प करी.

एका रात्री तो एका श्रीमंत माणसाचे नुकते पुरलेले प्रेत उकरायला गेला. तिथे कोल्ह्यांचा कळप आधीच माती उकरत होता. माणूस आणि कोल्हे यांची एका मढ्यावरून झुंज लागली. भीमाने ती जिंकली. अंगावरचे सोने काढून घेतले. मग तोंडातले सोने काढण्यासाठी त्याने पहारीने दातखीळ उघडली आणि बोटे आत घातली. जबडा मिटला. बोटे अडकली. कसाबसा सुटून तो घरी आला, पण बोटांची हाडे चुरडली होती. डॉक्टरांना दोन बोटे कापून टाकावी लागली.

आणि त्याच दिवशी बातमी आली की खाण पुन्हा सुरू झाली. डोंगर फोडणारा तो गडी लहान पोरासारखा रडू लागला.

एवढीच कथा. तासाभरात वाचून होते. पण एकदा वाचली की माणूस ती विसरत नाही.

लिहिणारा कोण?

अण्णाभाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात, वाटेगावचा. मातंग समाजातले. शाळेत ते दीड दिवसच गेले, असे सांगतात. दुष्काळ आणि दारिद्र्य यांमुळे कुटुंबाबरोबर पायी मुंबईला गेले. मिळेल ते काम केले, गिरणीत राबले. शाहीर झाले. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक गाजवले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा डफ खणखणला. १९५९ साली आलेली त्यांची 'फकिरा' कादंबरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केलेली आहे. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले. 'स्मशानातील सोनं' पुढे इंग्रजीतही गेली. अर्जुन डांगळे यांनी १९९२ साली संपादित केलेल्या दलित साहित्याच्या इंग्रजी संग्रहात ती आहे.

म्हणजे ज्याने स्वतः गाव सोडले, मुंबईत काम शोधले, काम सुटणे म्हणजे काय ते भोगले, त्याच्या हातची ही कथा आहे. आपल्या धाराशिव जिल्ह्याला ती परकी वाटू नये. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून दसरा-दिवाळीनंतर उसाच्या फडाकडे बिऱ्हाडे निघतात. पुण्या-मुंबईत आपली पोरे कंपनीच्या दारात उभी असतात. ज्यांनी बहात्तरचा दुष्काळ पाहिला ती म्हातारी माणसे तर खाणीचे नाव काढताच बोलू लागतात. त्या साली घरोघरच्या बाया-माणसांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोची लाल ज्वारी दळली. खाण सुरू असणे आणि खाण बंद असणे यातला फरक त्यांना पुस्तकातून शिकावा लागत नाही.

वर्गात शिकवायची कशी?

शिक्षक बंधू-भगिनींनो, आपल्याकडे कथा शिकवण्याची एक ठरीव तऱ्हा आहे. सरांनी वाचायचे, पोरांनी ऐकायचे. मग फळ्यावर सारांश, भीमाचे स्वभावचित्रण, लेखकाचा परिचय. परीक्षेत गाईडमधले उत्तर. गुण मिळतात, पण कथा पोराच्या अंगाला लागत नाही. त्यापेक्षा हे करून पाहावे.

पहिल्या दिवशी कथा नुसती वाचावी. मोठ्याने, सावकाश, शेवटपर्यंत. मध्ये थांबून अर्थ सांगू नये. वाचून झाल्यावर दोन मिनिटे गप्प राहावे. पोरे आपण होऊन बोलतील.

दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न विचारावा. भीमा हे काम रात्रीच का करतो? पोरे म्हणतील, पोलिसांच्या भीतीने. खरे आहे. आणखी कोणाच्या भीतीने? लोकांच्या. आणखी? इथे वर्ग जरा थांबतो. मग एखादी पोरगी म्हणेल, "त्याला सोताला बी ते बरं वाटत नसंल, सर." तिथे कथेचे दार उघडले असे समजा. भीमा तोंडाने कुठेच "माझं चुकलं" म्हणत नाही. उलट बायकोवर ओरडतो. पण ज्याला खरोखर काहीच वाटत नाही, तो ओरडत नाही. त्याने स्वतःच्या मनातली भीती बायकोच्या तोंडी ऐकली आणि ती दडपली. अपराधाची जाणीव ही अशी आवाजाआड लपते.

तिसऱ्या दिवशी प्रतीक शिकवावे. हा शब्द अवघड नाही. तुळजापूरला जाऊन आलेल्या माणसाच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. कवडी म्हणजे नुसते समुद्रातले कवच. पण ती माळ दिसली की हा भवानीचा माणूस, हे न सांगता कळते. बांधावर पुरलेला दगड म्हणजे नुसता दगड. पण त्याच्यावरून भाऊ-भाऊ कोर्टात जातात, कारण तो दगड म्हणजे हद्द, हक्क, बापाचे नाव. एक वस्तू दिसते आणि तिच्यामागे मोठा अर्थ उभा असतो, ते प्रतीक.

आता कथेतल्या वस्तू एकेक करून फळ्यावर लिहाव्यात आणि पोरांना विचारावे.

सोने. आपल्याकडे मेलेल्या माणसाच्या तोंडात सोन्याचा कण ठेवण्याची रीत आहे. ज्याला आता भूक नाही त्याच्या तोंडात सोने, आणि जिला भूक आहे त्या पोरीच्या तोंडात घास नाही. एका कणात सगळी विषमता आली.

खाण. ती बंद झाली तेव्हा भीमाला कोणी विचारले नाही. उघडली तेव्हाही विचारले नाही. आपल्याकडे बाजार समितीतला भाव असाच वर-खाली होतो, साखर कारखान्याची चिमणी अशीच एखाद्या साली पेटते आणि एखाद्या साली पेटत नाही. त्याचा हिशेब ज्याच्या घरात चुकतो, त्याला आधी कोणी सांगत नाही.

कोल्हे. माणसाची झुंज माणसाशी नाही, जनावराशी लागली. तीही मढ्यासाठी. भूक माणसाला कुठल्या ओळीत नेऊन उभे करते, ते इथे दिसते.

आणि बोटे. इथे पोरांना सांगावे की १९५८ साली मुंबईत झालेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णाभाऊंनी केले होते. पृथ्वी कोणा शेषाच्या मस्तकावर नसून दलितांच्या आणि कष्टकऱ्यांच्या तळहातावर उभी आहे, अशा अर्थाचा विचार त्यांनी तिथे मांडला. ज्या लेखकाने जगाचा भार तळहातावर पाहिला, त्याने आपल्या नायकाची बोटे का तोडली असतील? या प्रश्नाचे उत्तर फळ्यावर लिहू नये. ते पोरांनी वहीत लिहावे, ज्याचे त्याने.

दुसरी एक परदेशी कथा

हाच विषय एका अमेरिकन लेखकाने वेगळ्या तऱ्हेने मांडला आहे. एडगर ॲलन पो याची 'द टेल-टेल हार्ट' ही कथा १८४३ सालची. तिच्यातला माणूस एका म्हाताऱ्याचा खून करतो. कारण काय, तर म्हाताऱ्याचा एक डोळा त्याला गिधाडासारखा वाटतो. प्रेताचे तुकडे करून तो ते फळ्यांच्या जमिनीखाली दडवतो. पोलीस येतात. तो हसतमुखाने सगळे घर दाखवतो आणि त्याच जागेवर खुर्ची टाकून बसतो. मग त्याला खालून धडधड ऐकू येऊ लागते. घड्याळ कापसात गुंडाळावे तसा आवाज. तो वाढतच जातो. पोलिसांना काही ऐकू येत नाही. शेवटी तोच ओरडून सगळे कबूल करतो.

दोन्ही कथा शेजारी ठेवून शिकवाव्यात. तिथे काळीज आहे, इथे बोटे. तिथे पुरलेले बाहेर येते, इथे पुरलेले उकरताना माणूस अडकतो. पण मोठा फरक पुढेच आहे. पोच्या माणसाला भूक नव्हती, गरज नव्हती. दोष सगळा त्याचा. भीमाच्या बाबतीत दोषाची वाटणी करावी लागते. थोडा भीमाचा. थोडा ज्याने खाण बंद करताना मजुराचा विचार केला नाही त्याचा. थोडा त्या समाजाचा, ज्याला मढ्यावरचे सोने दिसते पण उपाशी पोर दिसत नाही. पोरांना तीन खाने काढून द्यावेत आणि वाटणी करायला लावावी. वर्गात भांडण लागेल. लागू द्यावे. असले भांडण चांगले असते.

आता आपल्याकडे वळू

वाचकहो, कथा वर्गात संपते, पण तुमच्यापाशी संपत नाही. आपापल्या घरात पुरलेले काय आहे, ते ज्याने त्याने पाहावे.

बांधाचे बोललोच. कोरलेला बांध परत देणे अवघड वाटते, पण वाट आहे. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करता येतो. दोघे शेजारी मिळून मोजणी मागतील तर निम्मे भांडण तिथेच मिटते. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात बारा-बारा वर्षे आहे आणि दोघेही अदलाबदलीला राजी आहेत, अशा प्रकरणांसाठी राज्य शासनाने २०२३ साली नाममात्र मुद्रांक शुल्कात अदलाबदलीची 'सलोखा' योजना आणली. ती आपल्या प्रकरणाला लागू पडते का, याची चौकशी तलाठी भाऊसाहेबांकडे जरूर करावी.

दुसरे, बहिणीची सही. बाप गेल्यावर वारसाची नोंद होते. मग एक दिवस बहिणीला माहेरी बोलावतात, पुरणपोळी करतात, साडी नेसवतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. बहीण राजीखुशीने, समजून सही देत असेल तर तो तिचा अधिकार आहे. पण "कसला तरी कागद हाय, अक्का, बँकेचा" असे सांगून घेतलेली सही ही स्मशानातल्या सोन्याच्याच जातीची. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायद्यात दुरुस्ती करून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मापासूनचा आहे असे स्पष्ट केले. कायदा बदलला. राखीपौर्णिमेला ताटात पडणारी नोट मात्र अजून तो हिशेब पुरा करू पाहते.

तिसरे गावच्या कारभाऱ्यांसाठी आणि कर्मचाऱ्यांसाठी. रोजगार हमीच्या हजेरीपटावर न आलेल्या माणसाचे नाव, पंचनाम्यात न पडलेली भिंत, आणि पडलेल्या भिंतीचा मात्र पंचनामाच नाही. ज्याने लिहिले त्याला ते अक्षर आठवते. सरपंचसाहेब, ग्रामसेवक भाऊसाहेब, राग मानू नका. हे सगळेच करतात असे नाही. पण जिथे घडते तिथे घडते रात्रीच, दार लावून. भीमाला निदान भूक होती.

अपराध वेगळा, लाज वेगळी

आता सगळ्यात महत्त्वाचे. या लेखाचे कारणच हे आहे.

बांध कोरणारा अपराध दडवतो. पण आपल्या जिल्ह्यात आणखी एक माणूस मनात ओझे दडवून हिंडत असतो, आणि त्याने अपराध केलेलाच नसतो. पाऊस लांबला, सोयाबीन करपले, कर्ज थकले. पोरीचे लग्न ठरलेले. बँकेची नोटीस त्याने उशाखाली ठेवलेली असते. बायकोला सांगत नाही, भावाला सांगत नाही, पारावर बसत नाही. बाजाराला जाताना सावकाराचे दुकान टाळून मागच्या गल्लीने जातो. त्याची चालही बदललेली असते, बांध कोरणाऱ्यासारखीच. फरक एवढाच, की त्याने कोणाचे काही घेतलेले नसते.

वर्गात आणि गावात हा फरक शिकवणे फार गरजेचे आहे. अपराध म्हणजे दुसऱ्याचे नुकसान आपण जाणूनबुजून केले त्याची टोचणी. तिच्यावर औषध म्हणजे कबुली आणि भरपाई. लाज म्हणजे लोक काय म्हणतील याची भीती. पीक बुडणे हा अपराध नव्हे. कर्ज थकणे हे पाप नव्हे. पण आपण गावकरी थकलेल्या माणसाकडे चोराकडे पाहावे तसे पाहतो आणि मग तोही स्वतःला चोर समजू लागतो.

शेतकरी आत्महत्यांसाठी राज्याने जे १४ जिल्हे विशेष लक्ष देण्यासाठी धरले, त्यांत आपला जिल्हा आहे. २०१५ साली 'बळीराजा चेतना अभियान' सुरू झाले ते यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत. तेव्हा जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते, २०२३ साली ते धाराशिव झाले. नाव बदलले, पण उशाखालची नोटीस तशीच आहे. अनुदान, विमा, कर्जमाफी यांच्यासाठी भांडलेच पाहिजे. भीमाच्या कथेत खाण वेळेवर उघडली असती तर बोटे गेली नसती, हे विसरून चालणार नाही. पण खाण उघडेपर्यंत माणूस टिकला पाहिजे. त्यासाठी कोणीतरी त्याच्या घरी जाऊन, चहा पिऊन, सरळ विचारले पाहिजे, "दादा, किती झालंय कर्ज? बोल माझ्यापाशी." हे विचारायला शासनाचा आदेश लागत नाही.

घरात, शेजारी कोणी गप्प गप्प राहत असेल, जेवण तुटले असेल, झोप उडाली असेल, "माझ्यामागं पोरांकडं बघा" असे काही बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे कुलपात ठेवा. त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन जा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवला तर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते. तो शाळेच्या फळ्यावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, सोसायटीच्या दारावर रंगाने लिहून टाकावा.

तेरचे गोरोबाकाका

हाताची गोष्ट निघाली आणि आपल्या जिल्ह्यात तेर आहे, मग गोरोबाकाकांची आठवण कशी येणार नाही? आख्यायिका तुम्हाला पाठ आहे. विठ्ठलाच्या भजनात रंगून चिखल तुडवताना पायाखाली स्वतःचे लेकरू आले. पुढे विठ्ठलाची आण मोडली म्हणून काकांनी आपले हात तोडून घेतले. शेवटी पंढरपुरात कीर्तनात हात परत आले, लेकरू परत आले.

चमत्कार बाजूला ठेवू. एक गोष्ट पाहा. काकांनी काही दडवले नाही. लेकरू गेले ते अंगणात, भर दिवसा. बायकोचा आक्रोश सगळ्या गावाने ऐकला. तरीही संतांनी त्यांना दूर लोटले नाही, उलट सगळ्यांनी मिळून 'काका' म्हटले. भीमाची बोटे गेली ती परत आली नाहीत, कारण त्याचे दुःख ऐकायला कोणी दिंडी जमली नव्हती. एका कथेत माणूस एकटा आहे, दुसरीत समाज बरोबर आहे. शिकवणाऱ्याने हा फरक अवश्य दाखवावा.

शिकवणाऱ्यांनी काय सांभाळावे?

ही कथा प्रेतांची आहे, म्हणून काही पथ्ये पाळावीत. उमरगा आणि लोहारा तालुक्यांत ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने घरेच्या घरे गेली. ढिगाऱ्यातून आपली माणसे काढलेली पिढी अजून आहे आणि तिची नातवंडे वर्गात आहेत. ज्या घरात आत्महत्या झाली त्या घरचे पोरही शेवटच्या बाकावर असते. शिक्षकाला आपला वर्ग माहीत हवा. आधी सांगून ठेवावे की ही कथा जड आहे, कोणाला बाहेर जावेसे वाटले तर जावे. "तुमच्या घरी काय दडवलंय ते सांगा" असे कोणत्याही पोराला विचारू नये. मन उघडायचे असते ते आपण होऊन.

दुसरे पथ्य जातीचे. गावात खड्डा खणायला, मढ्याची कामे करायला अजून ठराविक आळीतल्या माणसांनाच हाक जाते. कथा वाचताना वर्गाने त्या आळीतल्या पोराकडे वळून पाहिले, तर शिकवणे फसले. कथेचा बोट दाखवण्याचा रोख खाण मालकाकडे आणि आपल्या सगळ्यांकडे आहे, हे शिक्षकाने आधीच ठासून सांगावे.

आणि गावाने काय करावे?

१ ऑगस्टला गावोगाव अण्णाभाऊंची जयंती होते. मिरवणूक निघते, हार पडतो, डॉल्बी वाजतो. तोच दिवस महसूल दिन म्हणूनही पाळला जातो. नवे महसुली वर्ष त्या दिवशी सुरू होते. म्हणजे एकाच दिवशी अण्णाभाऊ आणि सातबारा! यंदा एक काम करून पाहा. मिरवणुकीआधी तासभर शाळेच्या ओट्यावर बसा. गावातल्या एखाद्या पोरीला 'स्मशानातील सोनं' वाचायला सांगा. तलाठी, ग्रामसेवक, सरपंच, सोसायटीचे चेअरमन, सगळ्यांनी खाली सतरंजीवर बसून ऐकावे. वाचून झाल्यावर भाषण नको, आभारप्रदर्शन नको.

त्यानंतर आठवड्याभरात कोणी बांधावरचा दगड जागेवर नेऊन ठेवला, कोणी बहिणीला फोन करून "अक्का, त्या कागदाचं बोलायचंय" म्हणाले, कोणी शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसले, तर कथा शिकवून झाली असे समजावे. परीक्षेतले गुण नंतर पाहू.

आणि दगड परत ठेवायला दिवसा जा. रात्री नको.